पूल नंतर बांधा, आधी रस्त्याची कड मोकळी करा

पुण्याच्या ट्रॅफिकवर वाद सुरू झाला की तो ठरलेल्या तीन वाटांनी जातो, आणि तिन्ही वाटा मला चुकीच्या वाटतात म्हणून हे लिहायला बसलेय. जगभरातल्या शहरांची कोंडी मोजणाऱ्या टॉमटॉम इंडेक्समध्ये २०२४ साली पुणं जगात चौथं आलं, दहा किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद, तेव्हापासून तर ऑफिसात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, लग्नाच्या पंगतीत, कुठेही हा विषय निघतोच. एक जण म्हणतो पूल बांधा, आता तर बोगदेच खणा म्हणतात. दुसरा म्हणतो काही उपयोग नाही हो, आपल्या लोकांना शिस्तच नाही. तिसरा म्हणतो बाहेरून किती लोक आलेत बघा, पूर्वी पुणं किती छान होतं. तासाभराने वाद जिथे सुरू झाला तिथेच येऊन थांबतो. आत्ता जो रस्ता आपल्याकडे आहे तो आपण कोणाला दिलाय, हे या तिघांपैकी कोणीच विचारत नाही.

माझं म्हणणं असं आहे की रस्ता ही शहरातली सगळ्यात महाग जमीन आहे आणि ती आपण उभ्या गाड्यांना फुकट देऊन बसलोय. ती फुकट मिळते तोवर कितीही पूल बांधा, कितीही दंड करा, कोंडी हटणार नाही. म्हणून सुरुवात कडेपासून करायची. रस्त्याच्या कडेला गाडी लावायचे पैसे घ्यायचे, बसस्टॉप मोकळे करायचे, आणि मोकळी झालेली जागा बसला आणि चालणाऱ्यांना द्यायची. हे ऐकलं की लोक चिडतात, मला माहितीये, माझ्या घरातलेच चिडतात. पण आधी एक गोष्ट सांगते.

मागच्या महिन्यात संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला कर्वे रोडवर एका बसस्टॉपवर उभी होते. स्टॉपच्या बरोबर समोर एक पांढरी कार, चारी इंडिकेटर चालू, आत कोणी नाही. मालक समोरच्या मेडिकलमध्ये गेलेला. बस आली, तिला कडेला यायला जागाच नाही, म्हणून ती दुसऱ्या लेनमध्ये थांबली. पुढच्या दारातून एक आजी उतरायला लागल्या, एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हाताने दांडा घट्ट धरलेला, आणि पाय खाली टाकणार तेवढ्यात कार आणि बसच्या मधल्या फटीतून एक स्कूटर सुसाट गेली. कंडक्टर ओरडला, थांबा थांबा आजी. आजींनी पाय वर घेतला. मग अजून एक स्कूटर, मग एक बाइक, डिलिव्हरीची मोठी बॅग पाठीला लावलेली. मागे हॉर्न सुरू झाले, बसच्या मागे दुसरी बस, तिच्या मागे रिक्षा, कार, पार सिग्नलपर्यंत रांग. शेवटी मी आणि एक कॉलेजचा मुलगा आडवे उभे राहिलो तेव्हा त्या आजी खाली उतरल्या. दोन बसमधले मिळून शंभरेक लोक आणि मागचे सगळे, एका गाडीसाठी थांबले होते. ती गाडी चालत पण नव्हती. कार्यकर्ते, अधिकारी, तज्ज्ञ सगळे चालत्या गाड्यांबद्दल बोलतात, कोंडी मात्र बऱ्याचदा उभी गाडी करते.

आता पुलाबद्दल. पूल बांधणाऱ्यांची बाजू पोकळ नाहीये आणि ती तशी आहे असं दाखवणं हा अप्रामाणिकपणा होईल. चांदणी चौक घ्या. हायवेची वाहतूक आणि कोथरूड, बावधन, मुळशीकडची वाहतूक एकाच अरुंद जागेत घुसत होती, तिथे खरंच बांधकामाचीच गरज होती. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये जुना पूल स्फोटाने पाडला, २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवीन रचना सुरू झाली आणि फरक पडला, त्याचे बोर्ड समजायला वेळ लागतो हे खरं असलं तरी. रेल्वेलाइन ओलांडायला पूल लागतो, नदी ओलांडायला पूल लागतो. जिथे दोन मोठे प्रवाह एकमेकांना छेदतात तिथे ते वेगळे करावेच लागतात. इथपर्यंत माझं काहीच भांडण नाही.

पण शहराच्या आत, चौकामागून चौक, पूल हेच औषध म्हणून द्यायला लागलो की काय होतं ते पण आपण बघितलंय. विद्यापीठ चौकातले पूल आठवतात? मोठ्या अपेक्षेने बांधले आणि पंधरा वर्षांच्या आतबाहेर, २०२० च्या जुलैमध्ये, लॉकडाउनमध्ये रस्ते रिकामे असताना पाडून टाकले, कारण कोंडी तर सुटली नव्हतीच आणि मेट्रोसाठी नवीन दुमजली पूल करायचा होता. नळस्टॉपचा दुमजली पूल २०२२ मध्ये सुरू झाला आणि चौकातली गर्दी पुलाच्या दोन्ही टोकांना जाऊन उभी राहिली, कारण पूल जिथे उतरतो तिथला रस्ता होता तेवढाच आहे, पाइप मध्ये जाड केला म्हणून शेवटी नळाला जास्त पाणी येत नाही. मुंबईने तर हा प्रयोग आपल्या आधी आणि आपल्यापेक्षा खूप मोठा केला, नव्वदच्या दशकाच्या शेवटी एमएसआरडीसीने, म्हणजे राज्याच्या रस्ते विकास महामंडळाने, ५५ उड्डाणपुलांचा कार्यक्रम घेतला. ते पूल झाले त्याला आता पंचवीस वर्षं होत आली. आज संध्याकाळी सात वाजता वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर अंधेरीला उभं राहून कोणी सांगावं की कोंडी गेली. मग सी लिंक, मग कोस्टल रोड, मग १७,८४० कोटींचा अटल सेतू. या तिन्हींवर दुचाकीला बंदी आहे, रिक्षाला बंदी आहे. म्हणजे कोंडी कमी करायला म्हणून सगळ्यांच्या पैशातून जे बांधलं ते मुख्यतः कारवाल्यांसाठी, आणि जे बहुसंख्य आहेत ते होते तिथेच लोकलला लटकून.

असं का होतं हे शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला समजवायची गरजच नाही. माझं आजोळ नीरेच्या कालव्यावर आहे. धरण झालं, पाणी आलं, पाणी आलं तसा ऊस आला, ऊस आला तसा कारखाना आला, आणि मग परत पाणी कमी म्हणून परत वरच्या बाजूला धरण. देशातली सगळ्यात जास्त मोठी धरणं महाराष्ट्रात आहेत आणि उन्हाळ्यात टँकरच्या रांगाही महाराष्ट्रातच लागतात. पाणी बिनहिशेबी मिळालं की ते सगळ्यात तहानलेल्या पिकाकडे जातं, रस्ता बिनहिशेबी मिळाला की तो सगळ्यात जास्त जागा खाणाऱ्या वाहनाकडे जातो. नवीन पूल झाला की चार महिने बरं वाटतं, मग जो माणूस आधी कोंडी बघून बसने जायचा किंवा उशिरा निघायचा तो म्हणतो आता काय, रस्ता मोकळा झालाय, आणि गाडी काढतो, मग त्याच पुलाच्या भरवशावर पलीकडे नवीन सोसायट्या येतात, त्यांच्या जाहिरातीत पूल पाच मिनिटांवर म्हणून लिहिलेलं असतं, आणि दोन-तीन वर्षांत पूल भरतो.

या बाबतीत एक जुना धडा आपल्याच जिल्ह्यात आहे. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला विश्वेश्वरय्या पुण्यात इरिगेशन खात्यात इंजिनिअर होते. नीरा कालव्यावर त्यांनी ब्लॉक सिस्टिम आणली, म्हणजे कुठल्या पट्ट्यात ऊस किती आणि बाकीची पिकं किती हे आधी ठरवायचं आणि त्याप्रमाणे आलटून पालटून पाणी द्यायचं, जेणेकरून आहे त्याच पाण्यात जास्त शिवार भिजेल. याच माणसाने खडकवासल्याला पाणी वाढलं की आपोआप उघडणारे दरवाजे बसवून धरणाचा साठाही वाढवला होता. म्हणजे बांधकाम आणि वाटप यातलं एकच निवडा असं कोणी म्हणत नाहीये. पण साठा वाढवताना वाटपही बांधून देण्याचं शहाणपण त्या काळी होतं, आणि आपण रस्त्यांच्या बाबतीत गेली तीस वर्षं नुसता साठाच वाढवतोय. वाटपाचं नाव काढलं की सगळे गप्प होतात.

शिस्तीचा मुद्दा. हो, शिस्त नाही. सिग्नल तोडणं, राँग साइडने येणं, झेब्रावर गाडी उभी करणं, हे सगळं रोज दिसतं आणि त्याचा मनापासून राग येतो. पण एक हिशेब करून बघा. एका बसमध्ये साठ माणसं, बसची लांबी बारा मीटर. तीच साठ माणसं कारमध्ये बसवली, एका कारमध्ये सरासरी दीड माणूस धरला तर चाळीस कार झाल्या, आणि एकेका कारला पुढचं-मागचं अंतर धरून सहा मीटर दिले तर अडीचशे मीटरच्या आसपास रांग. सगळे अगदी लेनमध्ये, हॉर्न न वाजवता, सिग्नल पाळून उभे राहिले तरी रांग तेवढीच. शिस्तीने जीव वाचतात आणि त्यासाठी ती हवीच, पण शिस्तीने कारची लांबी कमी होत नाही. आणि हाच बेशिस्त म्हणवला जाणारा पुणेकर मेट्रोच्या स्टेशनवर जिन्याच्या डाव्या बाजूला उभा राहतो, कार्ड टॅप करून निमूट पुढे जातो, तिथे त्याला कोणी काठी दाखवत नाही. जागा नीट आखलेली असली की माणसं नीट वागतात. रस्त्यावर आपण पादचाऱ्याला फुटपाथ देत नाही, बसला स्टॉप देत नाही, आणि मग सगळे रस्त्याच्या मध्ये आले की म्हणतो लोकांना अक्कल नाही.

बाहेरच्या लोकांचा मुद्दा मी दोन ओळींत संपवते. कोंडी माणसांमुळे झाली असती तर एका मोठ्या सोसायटीतली सगळी माणसं बसमध्ये बसवली तरी झाली असती. ती वाहनांमुळे होते, आणि पुण्यात वाहनांची संख्या लोकसंख्येच्या पुढे गेल्याची बातमी २०१८ मध्येच आली होती. त्या गाड्यांमध्ये पाच पिढ्या पेठेत राहिलेल्यांच्या गाड्या पण आहेत.

आता मूळ मुद्दा, पार्किंग. एक कार उभी करायला बारा-तेरा चौरस मीटर जागा लागते, म्हणजे साधारण १३० ते १४० चौरस फूट. एवढ्या मापाचं दुकान पेठेत भाड्याने घ्यायला जाऊन बघा काय आकडा सांगतात. तेवढीच जागा, त्याच रस्त्यावर, त्याच दुकानासमोर, गाडीला फुकट. आणि तिथेच शेजारी पथारी टाकून गजरे विकणारी बाई असते. तिला महापालिकेचा परवाना लागतो, ओळखपत्र लागतं, सतरंजीएवढ्या जागेचं शुल्क भरावं लागतं, नाहीतर अतिक्रमणवाले माल उचलून नेतात. ती त्या जागेवर कष्ट करून घर चालवते आणि जागेचे पैसेही भरते. तिच्या कित्येक पट जागा अडवून दिवसभर झोपलेली गाडी एक रुपया भरत नाही. या दोघांपैकी सार्वजनिक जागेवर अतिक्रमण कोणाचं म्हणायचं?

रुंदीचा हिशेब पण करा. बारा मीटरचा रस्ता, दोन्ही बाजूला कार लावल्या तर दोन-दोन मीटर गेले, उरले आठ. तिसरा हिस्सा गाड्या झोपायला. त्यात कोणी दार उघडतं, कोणी रिव्हर्स काढतं, कोणी जागा शोधत बैलासारखं हळूहळू गोल फिरतं, म्हणजे उरलेले आठ मीटर पण पूर्ण मिळत नाहीत. पी वन पी टूची पद्धत आहे आपल्याकडे, सम तारखेला ही बाजू, विषम तारखेला ती, निदान तेवढी तरी नीट पाळली गेली तरी एक बाजू मोकळी राहील, पण संध्याकाळी कुठल्याही पेठेत जाऊन बघा, दोन्ही बाजू भरलेल्या असतात आणि काही ठिकाणी दुसरी रांग पण. पूल बांधून जेवढी रुंदी मिळवायची म्हणतात तेवढी रुंदी आत्ताच जमिनीवर आहे, नवीन जमीन घ्यायला नको, झाडं तोडायला नको, वेताळ टेकडी फोडायला नको. २०२३ मध्ये टेकडीतून रस्ता आणि बोगदे नेऊ नका म्हणून हजारो लोक रस्त्यावर उतरले, त्यात मी पण होते, आणि तेव्हा प्रत्येक वेळी समोरून एकच प्रश्न यायचा, मग ट्रॅफिकचं काय करायचं ते सांगा. तर हे सांगतेय.

आणि हे काही मी नवीन शोधून काढलेलं नाही. महापालिकेने मार्च २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केलं होतं, मुख्य सभेत, रीतसर. एवढा गदारोळ झाला की त्यात काटछाट झाली, मग आधी पाच रस्त्यांवर प्रायोगिक करू असं ठरलं, आणि मग ते शहरभर कधी लागू झालंच नाही. तेव्हा सांगायचे की नगरसेवकांना मतांची भीती आहे. बरं. मार्च २०२२ पासून पुढे जवळपास चार वर्षं पुण्यात नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता, कोणाला कोणाच्या मताची भीती नव्हती. तेव्हा तरी का नाही झालं? मला याचं एकच उत्तर दिसतं, निर्णय घेणारे, राबवणारे, त्यावर लिहिणारे आणि त्याला विरोध करणारे, सगळे कारने येतात. बसस्टॉपवरच्या आजी त्या खोलीत नसतात.

याच्या उलट बाजूला काय चाललंय ते बघा. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांना टोल माफ झाला. मे २०२५ मध्ये बेस्टचं साध्या बसचं कमीत कमी तिकीट पाचाचं दहा झालं. जून २०२५ मध्ये पुण्याच्या पीएमपी बसचं पण पाचाचं दहा झालं. तिकीट वाढवू नका असं मी म्हणत नाही, डिझेल महागलं, पगार वाढले, मान्य आहे. पण जो बसने जाऊन रस्ता वाचवतो त्याचे पैसे दुप्पट आणि जो रस्ता अडवतो त्याला सूट, यातून माणसाने काय समजायचं? सरकार रोज त्याच्या कानात सांगतंय की बाबा रे, गाडी घे.

इथे सगळ्यात जोरदार आक्षेप येतो, आणि तो मला पण मान्य आहे. बसच नाहीये तर माणसाने करायचं काय? आधी बस द्या, मग पार्किंगचे पैसे घ्या. केंद्राच्या शहर वाहतुकीच्या मानकांत हजार लोकसंख्येमागे ०.६ बस असेल तर ती चांगली सेवा धरतात. २०११ च्या जनगणनेत पुणे ३१ लाख आणि पिंपरी-चिंचवड १७ लाख, म्हणजे त्या जुन्या आकड्यावरच दोन हजार नऊशेच्या आसपास बस हव्यात, आणि पीएमपी दोन हजारांच्या आसपास घुटमळतेय. तेव्हा बस कमी आहेत हे रडगाणं नाही, खरं आहे. रात्री नऊनंतर पस्तीस-चाळीस मिनिटं बसची वाट बघत अंधाऱ्या स्टॉपवर उभं राहणं काय असतं हे मला कोणी सांगायला नको, मी उभी राहिलेय.

पण आधी बस, मग पार्किंग हा क्रम लावला की दोन्ही कधीच होत नाहीत, कारण नवीन घेतलेली बस पण त्याच कोंडीत जाऊन अडकते. जी गाडी दिवसात दहा फेऱ्या मारू शकते ती कोंडीमुळे सात मारते. म्हणजे दहा बसचं काम सात बसएवढं होतं, डिझेल तेवढंच, ड्रायव्हर-कंडक्टरचा पगार तेवढाच. बसस्टॉपची जागा मोकळी केली आणि गर्दीच्या रस्त्यावर एक लेन दिली तर नवीन बस न घेता फेऱ्या वाढतात, ही सगळ्यात स्वस्त बस आहे. आणि पार्किंगचे पैसे त्याच बसला द्या, वेगळ्या खात्यात, लोकांना दिसेल असे. दोन्ही एकाच दिवशी सुरू करता येतं.

लेन म्हटलं की बीआरटीची, म्हणजे फक्त बससाठी राखलेल्या लेनची, आठवण काढतात. काढायलाच हवी. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर, देशातली पहिली बीआरटी आपली. आणि ती वाईट केली होती, हे स्पष्ट म्हणायला हवं. स्टॉप रस्त्याच्या मध्ये, तिथपर्यंत जायला धड क्रॉसिंग नाही, मध्येच लेन संपायची, आत खासगी गाड्या घुसायच्या, लोकांचे अपघात झाले. पण आपण यातून धडा काय घेतला? वाईट बांधली म्हणून नीट बांधू असं नाही, तर नगर रोडची काढूनच टाकली, रस्ता मोकळा होईल म्हणून. वाईट डॉक्टर मिळाला म्हणून कोणी औषधच सोडत नाही. त्याच महानगरात, नदीच्या पलीकडे पिंपरी-चिंचवडमध्ये बीआरटीच्या लेन चालू आहेत आणि लोक रोज वापरतायत, कारण तिथे रस्ते आधीपासून रुंद होते आणि लेन सलग मिळाली. पुण्याच्या जुन्या भागात तशी काँक्रीटची बंदिस्त लेन जमणार नाही हे मान्य. तिथे रंगाचा पट्टा, कॅमेरा, आणि कडेची पार्किंग बंद, एवढंच करा. दक्षिण कोरियातल्या सोल शहरात २००३ साली शहराच्या मधोमध असलेला उंच हायवे पाडायला घेतला, सगळे म्हणत होते शहर बंद पडेल. २००४ मध्ये त्यांनी रस्त्याच्या मध्यभागी बसच्या लेन आखल्या, २००५ मध्ये हायवेच्या जागी झाकलेला ओढा परत वाहता केला, आणि शहर बंद पडलं नाही.

मेट्रो झाली की सगळं सुटेल, असंही म्हणतात. मेट्रो मला आवडते, मार्च २०२२ मध्ये सुरू झाली तेव्हा पहिल्याच आठवड्यात आईला घेऊन वनाज ते गरवारे बसले होते, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंत भुयारातून जायला लागली तेव्हा खरंच वाटलं की शहर मोठं झालं. पण मेट्रो स्टेशनपर्यंत नेते, घरापर्यंत नाही. स्टेशनमधून खाली उतरलं की पुढचे सातशे मीटर फुटपाथवर बाइक लावलेल्या, म्हणून माणूस रस्त्यावरून चालतो, पाऊस असला की डबक्यातून, आणि तिसऱ्या दिवशी म्हणतो त्यापेक्षा गाडीच बरी. मेट्रोचे प्रवासी वाढवायचे असतील तरी काम परत कडेलाच आहे.

गरिबावर बोजा पडेल हा आक्षेप मी जास्त गंभीरपणे घेते, कारण माझी स्वतःची अ‍ॅक्टिव्हा आहे आणि ती मी हौसेने घेतलेली नाही. सकाळी मुलाला शाळेत सोडायचं, येताना आईचं औषध, मग ऑफिस, संध्याकाळी परत उलटं, हे बसच्या रूटमध्ये बसत नाही, आणि पुण्यातल्या लाखो बायकांचं हेच आहे. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, डिलिव्हरीवाली मुलं, यांचं पोट दुचाकीवर आहे. म्हणून सुरुवात कारपासून करा, तीही दुकानांच्या गर्दीच्या रस्त्यांवर. दुचाकीला नाममात्र ठेवा, आत्ता लावूच नका म्हटलं तरी चालेल. दहा दुचाकी मावतात तिथे दोन कार पण नीट मावत नाहीत, मग दर सारखा कसा असेल? आणि शहरात जो खरंच गरीब आहे तो कारवाला नाही, तो चालणारा आहे आणि बसवाला आहे. त्याच्या नावाने कारला फुकट जागा मागायची हे मला पटत नाही.

ठेकेदार लुटतील हे पण खरं आहे. एका पार्किंगला माझ्याकडून बोर्डावरच्या दराच्या तिप्पट घेतले होते आणि पावती मागितली तर मिळाली नाही. पण आज चहाच्या टपरीवर क्यूआर कोड आहे, तसा रस्त्यावर लावा, पैसे थेट महापालिकेच्या खात्यात जाऊ दे, माणसाच्या हातात रोख देऊच नका. लूट होईल म्हणून वसुलीच नको असं आपण पाणीपट्टीबद्दल म्हणत नाही.

व्यापाऱ्यांना वाटतं गाडी लावता आली नाही तर गिऱ्हाईक येणार नाही. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रोडवर पादचारी दिन करतात, एक दिवस गाड्या बंद. त्या दिवशी रस्ता माणसांनी भरलेला असतो, लहान मुलं मधोमध पळत असतात. एक दिवसाची गंमत वेगळी आणि रोजचा धंदा वेगळा, हे कबूल. पण जंगली महाराज रोडचा फुटपाथ रुंद केला तो एक दिवसासाठी नाही, कायमचा, आणि तिथली दुकानं ओस पडलेली मला तरी दिसत नाहीत, उलट संध्याकाळी बाकांवर बसायला जागा नसते. गिऱ्हाईक म्हणजे माणूस, गाडी काही साडी घेत नाही.

राहिला एक आक्षेप, की लोकांची सवय बदलणार नाही. कोणत्या लोकांची? आपलं शहर सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं. माझे वडील सदाशिव पेठेतून खडकीला सायकलने कामाला जायचे आणि त्यात त्यांना काही विशेष वाटत नव्हतं. १९७२ मध्ये इथेच आकुर्डीला बजाजची चेतक स्कूटर बनायला लागली, तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसले, आणि एका पिढीत अख्खं शहर सायकलवरून स्कूटरवर आलं. म्हणजे सवय बदलते, तिला जिकडे सोय दिसते तिकडे ती जाते. स्टॉकहोममध्ये २००६ च्या जानेवारीत मध्य शहरात येणाऱ्या गाड्यांवर पैसे लावले, सात महिन्यांसाठी, प्रयोग म्हणून, बस आधीच वाढवून. सुरू होण्याआधी बहुसंख्य लोक विरोधात होते. गाड्या साधारण वीस टक्क्यांनी कमी झाल्या, लोकांनी तो फरक डोळ्यांनी बघितला, आणि सप्टेंबरमध्ये मतदान घेतलं तेव्हा शहराने हो म्हटलं. लोकांना आधी विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, आणि ते चुकीचं पण नव्हतं, कारण न बघितलेल्या गोष्टीवर कोण विश्वास ठेवतो?

म्हणून मी पूर्ण शहर मागत नाहीये. २०१८ चं धोरण मंजूर आहे, ते कपाटातून काढा. लक्ष्मी रोड, टिळक रोड, कर्वे रोड, जंगली महाराज रोड, फर्ग्युसन रोड, एवढेच रस्ते घ्या. पहिलं काम, प्रत्येक बसस्टॉपच्या पुढे आणि मागे पंधरा-पंधरा मीटर पिवळा पट्टा मारा आणि तिथे उभी असलेली गाडी, कोणाची का असेना, दहा मिनिटांत उचला. दुसरं, कारला तासाचा दर लावा, तोही गर्दीच्या वेळी जास्त आणि दुपारी कमी. तिसरं, दर महिन्याला त्या रस्त्यावर बसला किती मिनिटं लागली आणि पार्किंगचे किती पैसे जमले, हे स्टॉपवरच मोठ्या अक्षरात लावा, म्हणजे माझ्यासारखी बाजू घेणारी आणि विरोध करणारा, दोघांना एकच आकडा बघून भांडता येईल. सहा महिन्यांत बस लवकर पोचायला लागली नाही तर बंद करा, मी स्वतः सगळ्यांना सांगेन की माझं चुकलं. पण ते सहा महिने होईपर्यंत नवीन बोगद्याच्या निविदा काढू नका.